बिघडलेलं घड्याळ पंचाने बदलून द्यायचं असतं
(ऑनलाइन निवड स्पर्धा घेणाऱ्या बुद्धिबळ संयोजकांना खुले पत्र)

माननीय पदाधिकारी, संयोजक आणि पंच मंडळी,
सप्रेम नमस्कार.

मी जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका गावात शिक्षक आहे. गेली अकरा वर्षं शाळा सुटल्यावर वर्गातले बाक बाजूला सरकवून सतरंजीवर पट मांडतो. चौदा-पंधरा मुलं नियमित येतात. पेरणी-काढणीच्या दिवसांत निम्मी येतात. फी घेत नाही.

गेल्या आठवड्यात आपलं परिपत्रक व्हॉट्सॲपवर आलं. तेरा वर्षांखालील निवड स्पर्धा यंदाही ऑनलाइन, डाव तीन-तीन मिनिटांचे, चालीमागे वाढीव वेळ नाही. आणि नियम क्रमांक आठ: इंटरनेट जोडणीची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूची राहील, त्यासंबंधीची कोणतीही तक्रार विचारात घेतली जाणार नाही. या नियमातल्या पहिल्या भागावर चर्चा होऊ शकते. दुसऱ्या भागावर मला गप्प बसता येत नाही. मागच्या वर्षी याच नियमाखाली काय घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमची एक मुलगी, तेव्हा सहावीत. वडील दुसऱ्यांच्या डाळिंबाच्या बागेत कामाला जातात. घरात एक फोन, तोही दिवसभर वडिलांबरोबर शिवारात. म्हणून स्पर्धेच्या रविवारी ती माझ्या घरी आली. माझा लॅपटॉप, माझ्या फोनचा हॉटस्पॉट, आणि रेंज मिळावी म्हणून गच्चीवर पत्र्याच्या सावलीत मांडलेलं टेबल. गावात फायबरची वायर ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे, वस्तीवर नाही.

सहाव्या फेरीत तिच्याकडे राजा, हत्ती आणि सातव्या पट्टीवर पोचलेलं प्यादं. समोर राजा आणि हत्ती. तिचा राजा प्याद्याच्या पुढच्या घरात, समोरचा राजा एक उभी पट्टी सोडून बाहेर अडकलेला. ज्यांनी हत्तीचे शेवट शिकवले आहेत त्यांना हे चित्र लगेच ओळखता येईल. जगभर ते लुसेना या नावाने ओळखलं जातं, आणि प्यादंवाल्यासाठी तो जिंकलेला डाव असतो. हत्ती चौथ्या आडव्या पट्टीवर आणायचा, राजा बाहेर काढायचा, शह येऊ लागले की हत्ती मध्ये घालायचा. यालाच पूल बांधणं म्हणतात. तिने तो पूल सतरंजीवर निदान शंभर वेळा बांधला असेल. तिच्या घड्याळात ४१ सेकंद होते, समोरच्याकडे त्याहून कमी. तिने हत्ती चौथ्या पट्टीवर ठेवला आणि हाताची घडी घालून बसली.

पडद्यावर हत्ती नव्या घरात दिसत होता. तिला वाटलं, चाल झाली, आता समोरचा विचार करतोय. मलाही तसंच वाटलं. प्रत्यक्षात ती चाल आमच्या गच्चीवरून बाहेर पडलीच नव्हती. सर्व्हरच्या लेखी अजून तिचीच पाळी होती आणि तिचंच घड्याळ चालू होतं. जोडणी परत आली तेव्हा ९ सेकंद उरले होते. आम्हाला काय झालंय ते कळेपर्यंत ती पुन्हा तुटली, आणि पुढच्या वेळी पडदा जागा झाला तो 'वेळ संपल्याने पराभव' सांगायलाच. अर्ध्या गुणाने नव्हे, त्या पूर्ण गुणाने ती निवडीतून बाहेर गेली.

आम्ही त्याच दिवशी ईमेल केला. दोन दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. वडील संध्याकाळी बागेतून थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, पोरीचं नेमकं काय चुकलं तेवढं सांगा, म्हणजे तिला समजावतो." मी त्यांना काय सांगायला हवं होतं, हे आपण मला सांगावं.

मी तंत्रज्ञ नाही. पण त्यानंतर महिनाभर हा विषय समजून घेतला. जे समजलं ते आपल्यासमोर मांडतो, कारण परिपत्रक वाचून असं वाटतं की संयोजकांपर्यंत ते पोचलेलं नाही.

पटावर समोरासमोर खेळताना घड्याळ एकच असतं. दोन्ही खेळाडूंच्या हाताशी, पंचाच्या नजरेसमोर. ऑनलाइन डावात खरं घड्याळ सर्व्हरवर असतं आणि आपल्या पडद्यावर दिसते ती त्याची नक्कल. समोरच्याची चाल सर्व्हरवर पोचली की तिथे आपलं घड्याळ सुरू होतं. ती चाल आपल्यापर्यंत यायला जो वेळ लागतो आणि आपली चाल परत जायला जो वेळ लागतो, तो दोन्ही वेळा आपल्याच खात्यातून वजा होतो. हाच लॅग. सगळ्यात उत्तम वायर असली तरी तो शून्य होत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर फ्रान्समध्ये असेल, तर सांगलीपासून जाऊन-येऊन १४ हजार किलोमीटर सहज होतात. म्हणजे निसर्गनियमानेच ७० मिलिसेकंद गेले. प्रत्यक्षात रस्ता वाकडातिकडा असतो, मध्ये टप्पे असतात, त्यामुळे याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. इथपर्यंत सांगलीचा आणि जतचा खेळाडू सारखाच. फरक पडतो तो गच्चीपासून टॉवरपर्यंतच्या शेवटच्या काही किलोमीटरांत.

चांगली संकेतस्थळं या लॅगची भरपाई देतात. प्रवासात गेलेला वेळ मोजून तो घड्याळात परत घालतात. 'लिचेस' हे मोफत संकेतस्थळ घ्या. त्याचा सगळा प्रोग्रॅम खुला असल्याने भरपाई कशी ठरते ते कुणालाही वाचता येतं. पण भरपाईला कमाल मर्यादा ठेवावीच लागते. नाहीतर कुणीही मुद्दाम जोडणी अडवून फुकटचा विचारवेळ मिळवेल. ही मर्यादा योग्यच आहे, माझी त्याविषयी तक्रार नाही. पण तिचा अर्थ असा होतो की थोडा लॅग असलेल्याला न्याय मिळतो आणि जास्त लॅग असलेल्याला मिळत नाही. आणि जोडणी पूर्ण तुटली, तर ही भरपाई काहीच कामाची नाही.

आता आपल्या नियमांकडे येतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार तीन मिनिटांच्या डावाबद्दल आहे. भरपाई वजा जाऊनही प्रत्येक चालीमागे ०.४ सेकंद वाया जातात असं धरा. साठ चालींच्या डावात ते २४ सेकंद होतात. तीन मिनिटांचे १८० सेकंद. त्यातले २४ म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त. दोन मुलं खेळायला बसली आणि पहिली चाल होण्यापूर्वीच एकीच्या घड्याळातला आठवा हिस्सा काढून घेतला, असं समोरासमोरच्या स्पर्धेत कुणी चालवून घेईल का? तेच २४ सेकंद १० मिनिटं आणि चालीमागे ५ सेकंद अशा डावात घ्या. साठ चालींना एकूण ९०० सेकंद मिळतात. नुकसान तीन टक्क्यांच्या आत येतं. मुख्य म्हणजे चालीमागे पाच सेकंद मिळत असताना जिंकलेला शेवट निव्वळ अर्ध्या-अर्ध्या सेकंदांच्या गळतीने हातचा जात नाही. चालीमागे वेळ वाढवून देणाऱ्या घड्याळाचं पेटंट बॉबी फिशर यांना १९८९ मध्ये मिळालं. जिंकत असलेल्या माणसाने केवळ घड्याळापायी हरू नये, हाच त्या घड्याळाचा उपयोग. आज जवळजवळ सगळ्या मोठ्या स्पर्धा त्यावर होतात. शून्य वाढीव वेळेचा डाव इंटरनेटवर, तोही निवडीसाठी, तोही लहान मुलांना, हा निर्णय कुणी आणि कशासाठी घेतला ते जाहीर करावं. एका दिवसात फेऱ्या उरकतात म्हणून घेतला असेल, तर दोन दिवस घ्या. आम्ही दोन दिवस देऊ.

दुसरी तक्रार स्पीड टेस्टबद्दल. नोंदणीबरोबर १० एमबीपीएसचा स्क्रीनशॉट मागितला जातो. आमचा त्या दिवशी १४ होता. तरीही जे झालं ते झालं. वेग म्हणजे गाडीत जागा किती, आणि लॅग म्हणजे गाडी स्टँडवर किती उशिरा आली. साठ सीटची एसटी दोन तास उशिरा आली तर रिकाम्या सीटचा परीक्षेला निघालेल्या मुलाला काय उपयोग? 'आमच्याकडे व्हिडिओ तर छान चालतो' असं बरेच जण सांगतात. व्हिडिओ पुढचा भाग आधीच भरून ठेवतो, म्हणून मध्ये दोन सेकंद रेंज गेली तरी कळत नाही. बुद्धिबळातली पुढची चाल अजून झालेलीच नसते, ती आधी भरून कशी ठेवणार? शिवाय एखादं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, वाटेत हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं आणि ते येईपर्यंत मागची सगळी ताटकळतात. घरातल्या दुसऱ्या कुणी फोटो चढवायला घेतले तरी तेच होतं. तेव्हा मोजायचंच असेल तर पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोजा, तो किती वरखाली होतो ते मोजा, आणि स्पर्धेच्याच वारी, स्पर्धेच्याच वेळी मोजा. मी पंधरा दिवस वहीत नोंदी ठेवल्या. सकाळी सातला आमच्याकडे २०० मिलिसेकंदांच्या आसपास पिंग असतो. रविवारी अकराला, म्हणजे आपण फेऱ्या सुरू करता त्या वेळी, तो ५०० च्या वर जातो, आणि मध्येच दोन-दोन सेकंद काहीच येत-जात नाही. वही कुणालाही दाखवायला तयार आहे.

तिसरी गोष्ट नियम क्रमांक आठची, आणि इथे मला आपल्यातल्या पंचांशी बोलायचं आहे. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमावलीतला सहावा भाग आपल्याला पाठ असेल. घड्याळात उघड दोष नसेल तोवर घड्याळ दाखवेल ते अंतिम. पण उघड दोष असेल तर पंचाने ते घड्याळ बदलायचं आणि नव्या घड्याळावर दोघांच्या वेळा किती लावायच्या ते स्वतःच्या विवेकाने ठरवायचं. हे मी मुलांना शिकवतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ऑनलाइन डावात इंटरनेट हा घड्याळाचाच भाग आहे. चाल केल्यावर घड्याळाचं बटण दाबायचं काम तिथे जोडणी करते. बटण दाबलं आणि घड्याळ थांबलंच नाही, तर तो दोष उघड आहे. दाबणाऱ्या मुलीची त्यात चूक नाही. समोरासमोर हा दोष दिसला असता तर आपण धावत टेबलापाशी आला असता. ऑनलाइन खेळात मात्र 'तक्रार विचारात घेतली जाणार नाही' असं आधीच छापून ठेवता. पंचाने विवेक वापरणार नाही असं आधीच जाहीर करायचं, हे कोणत्या नियमात बसतं?

मला ठाऊक आहे की यावर एक खरा आक्षेप आहे. जोडणी तुटल्याचं नाटक करता येतं. हरत आलेला मुलगा वायर काढेल आणि डाव पुन्हा मागेल. काही पालकही तसं करायला लावतील, मी नाकारत नाही. आणि लॅग भरून दिल्यावर समोरच्याला आपल्या प्रतिस्पर्ध्याचं घड्याळ अचानक मागे गेलेलं दिसतं, त्याचाही संशय वाढतो. त्याच्यावरही अन्याय होऊ नये, ही काळजी मला तितकीच आहे.

या प्रश्नावर जगातली मोठी माणसंही अडखळली आहेत. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये फिडेचं पहिलं ऑनलाइन ऑलिंपियाड झालं. नाशिकचा विदित गुजराथी आपल्या संघाचा कर्णधार होता. २८ ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानची जोडणी आपल्या निहाल सरीनविरुद्ध तुटली आणि तो वेळेवर हरला. आर्मेनियाचं अपील फेटाळलं गेलं, आणि त्यांचा संघ पुढे खेळलाच नाही. ३० तारखेला अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध आपल्या निहाल सरीन आणि दिव्या देशमुख या दोघांची जोडणी गेली. कारण इंटरनेटच्या जागतिक पातळीवरच्या बिघाडाचं होतं. भारताने दाद मागितली आणि फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं. त्या पदकाचा मलाही आनंद झाला होता, वर्गात पेढे वाटले होते. पण आर्मेनियाच्या संघाच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं की वाटतं, दोन दिवसांत दोन निर्णय झाले, आणि आधी लिहून ठेवलेला स्पष्ट नियम असता तर कुणाच्याच मनात सल राहिला नसता. तरी दोन्ही वेळा दाद मागायला जागा होती, कुणीतरी बसून ऐकून घेतलं होतं. आमच्या मुलीला तेवढंही मिळालं नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. डावाच्या नोंदीत प्रत्येक चालीपाशी किती वेळ उरला होता ते साठवलेलं असतं. ती नोंद आम्ही मागितली, मिळाली नाही. आणि स्पर्धा चालू असताना ज्या नंबरवर फोन करायचा तो शेवटपर्यंत लागला नाही.

मी सांगली जिल्ह्यातला आहे, म्हणून हे जास्त लागतं. नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांच्यामुळे या जिल्ह्याचं नाव बुद्धिबळात झालं. पाच वेळा राष्ट्रीय विजेती झालेली भाग्यश्री साठे इथली, स्वाती घाटे इथली. बाहेरगावच्या मुलांना सांगलीत येऊन खेळायला मिळावं यासाठी इथल्या माणसांनी आयुष्यं घातली. जतहून सांगली ऐंशी-नव्वद किलोमीटर. मी मुलांना पहाटेच्या गाडीने घेऊन जात होतो, डबा बांधून. मुलं दमायची, पण टेबलाशी बसली की त्यांचं आणि सांगलीच्या मुलाचं घड्याळ सारखं असायचं. ऑनलाइन स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा आम्हाला सगळ्यांत जास्त आनंद झाला होता. प्रवासखर्च वाचेल, जास्त मुलांना उतरवता येईल. ऑनलाइन बंद करा असं मी अजूनही म्हणत नाही.

मी मागतो ते असं.

निवडीच्या स्पर्धेसाठी प्रत्येक तालुक्यात एक केंद्र करावं. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी, खानापूर, कडेगाव, पलूस, वाळवा, शिराळा, अशी दहा केंद्रं. एखाद्या शाळेची संगणक खोली, वायरची जोडणी, राउटरला छोटा यूपीएस, आणि खोलीत एक पंच. डाव ऑनलाइनच होईल, पण मुलं पंचाच्या नजरेसमोर असतील. फिडेने या पद्धतीला हायब्रिड म्हणून मान्यता दिलेली आहे. नाटकाचा आक्षेप इथेच मिटतो, कारण वायर कुणी काढली की आपोआप गेली हे पंचाला दिसतं. मोबाइलवर इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्रॅम, बघण्याचा प्रश्नही बराच कमी होतो.

डाव १० मिनिटं आणि चालीमागे ५ सेकंद असे ठेवावेत. केंद्रं यंदा शक्य नसतील, तर निदान हा बदल याच स्पर्धेपासून करावा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

नियम क्रमांक आठमधला दुसरा भाग काढावा. त्याऐवजी लिहावं की केंद्रावरची जोडणी तुटल्यास पंच तेव्हाची स्थिती आणि दोघांच्या उरलेल्या वेळा नोंदवून डाव तिथूनच पुढे चालू करील. घरून खेळणाऱ्याची तक्रार एका तासात लेखी यावी, चालीगणिक वेळेची नोंद तपासावी, आणि ज्यांचा कुणीही विद्यार्थी त्या गटात नाही अशा तिघांनी दुसऱ्या दिवसापर्यंत कारणासह निर्णय द्यावा. निर्णय आमच्याविरुद्ध गेला तरी चालेल. कारण लिहिलेलं असावं.

स्पर्धेच्या आदल्या रविवारी त्याच वेळेला एक सरावफेरी घ्यावी, म्हणजे कुणाच्या जोडणीचं काय होतं ते आधीच कळेल आणि त्याला केंद्र शोधायला आठवडा मिळेल.

मागच्या वर्षीचा निकाल बदला असं मी मागत नाही. ती मुलगी आता सातवीत आहे, यंदाही उतरणार आहे. त्या डावातली स्थिती तिने वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवली आहे. खाली कुणाची चाल ते लिहिताना तिने 'काळा' असं लिहिलं आहे. तिच्या हिशेबात तिची चाल झालेली आहे.

जतच्या केंद्रासाठी शाळेची संगणक खोली द्यायला आमचे मुख्याध्यापक तयार आहेत. नऊ संगणक चालू स्थितीत आहेत. वायर ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत ओढायचा खर्च पालकांनी आपसात वाटून घ्यायचं ठरवलं आहे, त्याची मागणी आपल्याकडे नाही. फक्त पंच पाठवा. त्यांच्या जाण्या-येण्याची आणि जेवणाची सोय आम्ही करू. नोंदणीची मुदत संपायच्या आत उत्तर मिळावं, एवढी विनंती.

आपला,
जत तालुक्यातील एक बुद्धिबळ शिकवणारा शिक्षक